गाडी रुतली, तेव्हा...

या सदरात आजवर आपण लोणच्यावरच्या बुरशीपासून मुलांच्या परीक्षेपर्यंत पुष्कळ गोष्टी बोललो. आज जरा निराळाच विषय घेते आहे. "बायकांच्या पानावर जीपगाडीचं काय काम?" असं कुणी म्हणेलही. पण आता आपल्यातल्या कितीतरी जणी गाडी चालवतात आणि शेताकडच्या, माहेरच्या वाटा काही सगळ्या डांबरी नसतात. तेव्हा माझी फजिती तुमच्या उपयोगी पडली, तर ती सत्कारणी लागली असं मी समजेन.

आमचे हे चांदीचा माल घेऊन परगावी गेलेले. हुपरीत हे नेहमीचंच. पैंजण इथे घडतात आणि विकणारा महिन्यातले कितीतरी दिवस बाहेर. श्रावणातला रविवार होता. उसाला टाकायची खताची चार पोती जीपमध्ये तशीच पडून होती. म्हटलं, आपणच शेतातल्या खोपीत नेऊन टाकू. गाडी चारही चाकांना ताकद देणारी, मग चिखलाची काय भीती? सासूबाई झोपल्या होत्या, त्यांना उठवलं नाही. रेंदाळच्या बाजूला जाणारी पाणंद धरली, कारण तेवढंच अंतर वाचतं. ही माझी पहिली चूक. कुठल्या वाटेनं चालले आणि कधी परत येईन, हे घरात एकालाही ठाऊक नव्हतं.

आपली काळी माती तुम्हांला सांगायला नको. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि चपलेला अशी धरते की चप्पल तिथे अन् पाय पुढे. पाणंदीच्या वळणावर मागचं चाक खाली गेलं. मी काय केलं असेल? ॲक्सिलरेटर दाबला. चाक गरगर फिरलं, चिखल खिडकीपर्यंत उडाला. आणखी दाबला. पाच मिनिटांत गाडीचं पोट जमिनीला टेकलं.

फोनला रेंज होती बरं का! भाऊजींना फोन केला असता तर ते ट्रॅक्टर घेऊन आले असते. पण महिन्यापूर्वीच ते म्हणाले होते, "वहिनी, गाडी गावात ठीक, शेताकडं नको." तेच शब्द कानात वाजत होते. त्यांना कळायच्या आत गाडी काढायची, एवढाच हट्ट. खरं सांगते, गाडी चिखलानं थोडी रुतली आणि माझ्या लाजेनं जास्त.

शेवटी इंजिन बंद केलं, खाली उतरले, पाणी प्यायले. तेव्हा माहेरची बैलगाडी आठवली. गाडी रुतली की वडिलांचा गाडीवान बैलांना मारत नसे. आधी बैल सोडी, मग ओझं उतरवी, चाकापुढची माती काढी, खाली दगड घाली आणि मगच बैल जुंपी. म्हटलं, चाकं रबरी झाली म्हणून चिखल थोडाच बदलला?

आधी वजन कमी केलं. हल्ली युरियाचं पोतं ४५ किलोचं असतं. चार पोती म्हणजे १८० किलो. उचलायच्या भानगडीत न पडता मी ती घसरवत उतरवली, बांधावर नेली आणि ताडपत्रीनं झाकली. मग लीव्हरकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला! गाडी इतका वेळ दोनच चाकांवर चालली होती. अशा बहुतेक गाड्यांत चारही चाकांना ताकद आपण लीव्हर टाकला तरच मिळते. काही जुन्या गाड्यांत तर खाली उतरून पुढच्या चाकांच्या मध्यावरचं बटणही फिरवावं लागतं. तुमच्या गाडीत काय आहे ते कोरड्या जमिनीवर आधीच शिकून ठेवा. चिखलात उभं राहून पुस्तिका वाचायची वेळ येऊ नये.

आणखी एक गोष्ट मला नंतर मेकॅनिकनं समजावली. वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त धावतं. म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नावाची दातेरी चक्रं बसवलेली असतात. त्यांचा दोष असा, की जे चाक सहज फिरतं ते फिरतच राहतं आणि कोरड्या जमिनीवरचं चाक नुसतं उभं राहतं. म्हणजे साध्या चारचाकी ताकदीच्या गाडीतही पुढचं एक आणि मागचं एक चाक नुसतं चिखल उडवत राहू शकतं. जितकं फिरेल तितका खड्डा खोल.

म्हणून खणायचंच. माझ्याकडे खोरं नव्हतं, होतं ते एक खुरपं! आलेल्या वाटेनं मागे निघणं सोपं असतं, कारण ती जमीन आपण पाहिलेली असते. म्हणून चारही चाकांच्या मागची माती उतार करत काढली आणि पोटाखालचा उंचवटा बाहेरूनच, काठीनं ओढून मोकळा केला. सायलेन्सरच्या तोंडातला चिखल आठवणीनं काढला. ते बुजलेलं असताना इंजिन चालू ठेवून आत बसलं, तर विषारी वायू गाडीत शिरून जीव जाऊ शकतो. मग बांधावरचे चपटे दगड आणि उसाचं ओलं पाचट चाकांच्या मागे दाबून बसवलं. वाळलेलं पाचट नको, तापलेल्या सायलेन्सरला लागून पेट घेतं. पाचट नसेल तर गोणपाट, फांद्या, अगदी गाडीतली पायपुसणीही चालतात. जॅक लावायचाच झाला तर खाली रुंद फळी ठेवा आणि जॅकवरच्या गाडीखाली हात-पाय घालू नका.

एवढं झाल्यावर लीव्हर चार चाकांच्या मंद गतीवर टाकला, स्टिअरिंग सरळ केलं आणि अगदी थोडा ॲक्सिलरेटर दिला. हुपरीच्या बाईला हे वेगळं शिकवायला नको. चांदीची तार ओढताना हिसका दिला की तुटते, संथ ओढली की मुकाट्यानं येते. पहिल्यांदा गाडी वीतभर हलली. मी थांबले, पुन्हा माती काढली, पुन्हा पाचट घातलं. तिसऱ्या खेपेला ती हुंदका दिल्यासारखी वर आली आणि कडक जमिनीवर पोचेपर्यंत मी थांबले नाही. दीड तास गेला. साडीचा रंग कुठला होता ते ओळखू येत नव्हतं.

घरी आले तर सासूबाई उंबऱ्यात बसलेल्या. डोळे लाल. माझा फोन लागेना म्हणून त्यांनी शेजारपाजारी विचारून घेतलं होतं. खणताना फोन गाडीतच राहिला होता आणि बॅटरीही संपली होती. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, लाज कसली? चिखलात बैलबी रुततो की. सांगून जायला काय झालं होतं?" मैत्रिणींनो, त्या दीड तासात मी फक्त माझ्या मानाचा विचार करत होते. घरी एका म्हातारीचा जीव टांगणीला लागला होता, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

तेव्हा आता माझा नियम ठरला आहे: फोन आधी, फावडं नंतर. मदत येईपर्यंत खणत राहायला कोण नको म्हणतंय? जीप ही मुळात लष्कराची गाडी. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, ती अमेरिकेच्या सैन्यासाठी बनू लागली. पण सैन्यात तिच्या मागे ओढायला दुसरी गाडी असते. आपल्या मागे घरच्यांनाच उभं करावं लागतं, आणि त्यासाठी त्यांना आपली वाट ठाऊक असावी लागते.

ट्रॅक्टर आलाच तर दोर गाडीच्या सांगाड्याला पक्क्या बसवलेल्या हुकालाच बांधा, बंपरला नको. साखळीनं हिसके देऊ नका. तुटलेली साखळी किंवा उडालेला हुक गोळीसारखा लागतो. पाहणाऱ्यांना दोराच्या लांबीपेक्षाही लांब उभं करा.

कोकणात किनाऱ्यावर गाडी नेऊच नका. नेलीच आणि वाळूत रुतली, तर टायरमधली थोडी हवा काढल्यानं चाक पसरून धरतं. पण ती मोजूनच काढा आणि बाहेर येताच पुन्हा भरा. भरतीची वेळ मात्र आधी विचारा. एका भरतीनंतर साधारण साडेबारा तासांनी दुसरी येतेच, ती कुणाच्या गाडीसाठी थांबत नाही. आणि वाहत्या पाण्यात गाडी कधीही घालू नका. २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा पूर आपण पाहिला आहे. दोन फूट वाहतं पाणी भल्याभल्या गाड्या उचलून नेतं. तिथे ना लीव्हर कामाचा, ना पाचट.

आता आमच्या जीपमध्ये एक छोटं खोरं, दोन गोणपाटं, एक फळी, जाड पट्ट्याचा दोर, बॅटरी, पिण्याचं पाणी आणि फोनचा चार्जर कायम असतो. खोरं भाऊजींनीच आणून दिलं. देताना म्हणाले, "वहिनी, शेताकडं जाताना हे असू द्या." "नको" हा शब्द या खेपेला त्यांच्या तोंडी नव्हता.

तुमच्यावर असा प्रसंग आला असेल तर जरूर कळवा. आणि हो, उद्या गाडी काढाल तेव्हा गॅस बंद केलात का हे पाहता ना, तसंच "मी या वाटेनं चालले" हेही कुणालातरी सांगून निघा, बरं का!