वनांतील वाटाड्या

आमच्या तळ्यापासून फार दूर नसलेलें फणसाडचें वन पूर्वीं जंजिऱ्याच्या नबाबांचें मृगयेचें रान होतें. १९८६ सालीं तें अभयारण्य झालें. सावजाचा माग काढण्याची विद्या तीच राहिली, तिचा धर्म मात्र पालटला. झाडावर वानर खेकसलें, खालीं भेकर भुंकलें, कीं वाटाड्या थबकतो. ओल्या मातींतील ठसा ताजा कीं शिळा हें सांगतो. आफ्रिकेंतील वाटाडेही अशाच खुणा वाचतात. आम्हीं जन्मभर मुलांस अक्षरें शिकविलीं. ही लिपि मात्र आम्हांस येत नाहीं. पण एवढ्यानें भागत नाहीं. बिबळ्याची मादी पिलांसह आढळतांच, पैसे भरून आलेल्या पाहुण्यांचा रोष पतकरून जो त्यांस मागें वळवितो, तोच खरा जाणता. मुलांस रानांत न्याल तेव्हां त्याचा शब्द मोडूं नका.