घाटावरची स्वस्ताई आणि लवकर निवृत्तीचा हिशेब

पन्नाशीच्या आत नोकरी सोडायची आणि बुलढाण्याला घाटावर येऊन निवांत राहायचं, हा विचार सध्या माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात घोळतोय. कुणी पुण्यात कंपनीत आहे, कुणी भिवंडीत, कुणी आखातात. गणित सगळ्यांचं एकच. अब्बांचं घर आहे, भाडं द्यावं लागणार नाही. हवा थंड, भाजी स्वस्त. महिन्याला ३० हजार पुष्कळ झाले. म्हणजे वर्षाला ३ लाख ६० हजार, त्याची पंचवीसपट ९० लाख. एवढे साठले की राजीनामा.

मी ४६ वर्षांचा आहे. मुलगी अकरावीत, मुलगा सातवीत. हा मोह मलाही आहे, म्हणूनच मी हा हिशेब पुन्हा पुन्हा मांडून पाहतो. आणि दर वेळी वाटतं, की हा कागद आपल्या घरासाठी लिहिलेलाच नाही.

पंचवीसपटीचा हा नियम अमेरिकेतून आला. विल्यम बेंगन नावाच्या आर्थिक सल्लागारानं १९९४ साली तिथल्या शेअर बाजाराचे आणि रोख्यांचे जुने आकडे तपासून मांडणी केली, की पहिल्या वर्षी साठ्यातले ४ टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे रक्कम वाढवत नेली, तर पैसा ३० वर्षं पुरतो. बाजार अमेरिकेचा, मुदत ३० वर्षांची. पंचेचाळिशीत घरी बसणाऱ्याला चाळीस वर्षं काढायची असतात, त्याच्या पाठीमागं त्याच्या बायकोला कदाचित आणखी पाच-सात. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या हिशेबातला माणूस जकात देत नाही.

जकात म्हणजे नाक्यावरची नव्हे, आपली. निसाबच्या वर साठलेल्या रकमेवर दर वर्षी अडीच टक्के. नोकरीत असताना ती जाणवत नाही, कारण पगार येत असतो. रमजानमध्ये हिशेब होतो, पुढच्या चार-सहा महिन्यांत खड्डा भरून निघतो. नोकरी सुटली की तीच जकात मूळ साठ्यातून जायला लागते. ९० लाखांवर अडीच टक्के म्हणजे २ लाख २५ हजार. घरखर्चाचे ३ लाख ६० हजार त्यात मिळवा. ५ लाख ८५ हजार झाले, साठ्याच्या साडेसहा टक्के. उलट बाजूनं पाहा. चार टक्क्यांचीच मर्यादा पाळायची ठरवली, तर अडीच टक्के जकातीला जाऊन घराला उरतो दीड टक्का, वर्षाला १ लाख ३५ हजार, महिन्याला ११ हजार २५०. त्यात बुलढाण्यातसुद्धा चार माणसांचं घर चालत नाही. शिवाय चांद्र वर्ष अकरा दिवसांनी लहान असतं, म्हणून ३३ वर्षांत जकात ३४ वेळा निघते, हेही कागदावर असू द्या.

जकात टाळायच्या वाटा मी सांगत नाहीये. ती द्यायचीच आहे. माझं म्हणणं इतकंच, की साठा कोणत्या रूपात आहे यावर तिची रक्कम ठरते आणि हा विचार राजीनाम्याच्या आधी करायला हवा. राहत्या घरावर जकात नाही. भाड्यानं दिलेल्या दुकानाच्या किमतीवर नाही, भाडं शिल्लक राहिलं तर त्या शिलकीवर आहे. जमिनीच्या किमतीवर नाही, पिकावर उश्र आहे. पावसावरच्या पिकाचा दहावा हिस्सा, पाणी देऊन काढलेल्या पिकाचा विसावा. ९० लाखांतले निम्मे अशा मिळकतीत असतील, तर उरलेल्या ४५ लाखांची जकात १ लाख १२ हजार ५०० होते. शेअर्सच्या बाबतीत उलेमांमध्ये मतभेद आहेत, आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारलेलं बरं. सक्तीच्या पीएफवर रक्कम हातात येईपर्यंत जकात नाही, असं अनेकांचं मत आहे. म्हणजे नोकरी लवकर सोडून पीएफ काढला, की तिचं चक्र त्या दिवसापासून सुरू.

व्याजाचा प्रश्न याला लागूनच येतो. बुलढाणा तसा ठेवींचा गाव. १९८६ मध्ये सुरू झालेल्या बुलढाणा अर्बननं पतसंस्था घराघरात नेली. इथला निवृत्त माणूस मुदत ठेवीच्या व्याजावर जगतो आणि त्याचं गणित त्यामुळं सोपं असतं. आपल्यातला जो व्याज घेत नाही, त्याचा पैसा नुसता पडून राहिला तर महागाई एका बाजूनं आणि जकात दुसऱ्या बाजूनं तो कमी करत जाते. पैसा अडवून ठेवू नये, धंद्यात फिरवावा, ही इस्लामी परंपरेतली फार जुनी समज आहे. पण धंदा म्हटलं की काम आलं, जोखीम आली. मग ती निवृत्ती कसली? (व्याज घेणाऱ्यांसाठीही एक गोष्ट: ५ लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. बरेच जण हे विचारतच नाहीत.)

पेन्शनचं म्हणाल, तर नोकरी सोडण्याआधी प्रत्येकानं बुलढाण्यातलं एक आंदोलन समजून घ्यावं. अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखाली ईपीएस-९५ च्या पेन्शनरांनी डिसेंबर २०१८ मध्ये इथं साखळी उपोषण सुरू केलं आणि ते वर्षानुवर्षं चाललं. एसटी, सहकारी संस्था, कारखाने यांत आयुष्य घालवलेली माणसं ती. २०१४ मध्ये किमान पेन्शन १ हजार ठरली, त्यांची मागणी आहे ७ हजार ५०० ची. सूत्र साधं आहे: १५ हजारांच्या मर्यादेतला पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. चौदा वर्षांच्या नोकरीला ३ हजार येतात. अट्ठावन्नच्या आधी घ्यायला लागलात, तर दर वर्षामागं ४ टक्के कपात. आणि एकदा ठरलेली रक्कम महागाईबरोबर वाढत नाही. सरकारी नोकरीत २० वर्षांनंतर स्वेच्छानिवृत्ती मिळते, पण १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांसाठी तिचा अर्थ वेगळा आणि नंतर लागलेल्यांसाठी वेगळा. एनपीएसमधला सरकारी कर्मचारी मुदतीआधी बाहेर पडला, तर साठ्याच्या ८० टक्के रकमेची वार्षिकी घ्यावी लागते. हातात येतो पाचवा हिस्सा.

आता घाटाकडं वळू. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचं हे शहर उन्हाळ्यात अकोल्यापेक्षा किती सुखाचं, हे सांगायला नको. पण इथं रेल्वे नाही. राजूर घाट उतरून मलकापूर गाठावं लागतं, पंचेचाळीस किलोमीटर. स्वस्ताईच्या हिशेबात हे अंतर नसतं. माझ्या मते डोंगरावरच्या संसारातला सगळ्यात मोठा खर्च तोच आहे. किराणा तेवढाच लागतो, पण गाडी ठेवावीच लागते आणि ती म्हातारी होत जाते. उन्हाळ्यात येळगाव धरणाची पातळी खाली गेली की नळ पाळीपाळीनं येतो, मग मोठी टाकी, कधी टँकर. २०२४ च्या ऑक्टोबरात बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं, महात्मा फुले योजनेतून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, या दोन्ही मोठ्या गोष्टी आहेत. तरीही हृदयाचं किंवा कॅन्सरचं मोठं दुखणं निघालं, की आज लोक अकोला नाहीतर छत्रपती संभाजीनगर गाठतात. उपचार योजनेत बसला तरी सोबतच्या दोन माणसांचं राहणं, खाणं, गाडी योजनेत बसत नाही. मुलांचं तेच. नीटची तयारी करायची तर अकोला किंवा लातूर. म्हणजे घाटावर स्वस्तात राहणारं कुटुंब दोन वर्षं दुसऱ्या शहरात एक खोली चालवणार.

२०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला एक वाघ हजारहून जास्त किलोमीटर चालून आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला होता. लोकांनी त्याला ‘वॉकर’ म्हटलं. त्याचं इथं जमलं, कारण तो एकटा होता. जोडीदारीण इथं नाही, हा प्रश्न वनखात्याला पडलाच. डोंगरात जाऊन राहिलेल्या माणसांच्या ज्या गोष्टी आपण मोबाइलवर बघतो, त्यातले बरेच जण वॉकरसारखे एकटे असतात, हे विसरू नका.

शेवटी, ज्यावर मी सगळ्यात जास्त अडतो ते सांगतो. मी पाहिलेल्या जवळपास प्रत्येक कागदावर साठ्यात एक ओळ असते: सोनं. ते कुणाचं? मेहरमध्ये आणि माहेराहून आलेलं सोनं बायकोचं आहे. तिची मालमत्ता, तिचा हक्क. नवऱ्याच्या निवृत्तीत ते धरायचा अधिकार त्याला कुणी दिला? ती स्वखुशीनं देईल तर वेगळं, पण विचारल्याशिवाय बेरीज करायची नाही. आणि या कागदावर निवृत्त होतो फक्त तो. तिचा स्वयंपाक, सासूचं औषधपाणी, टाकी भरायला पहाटे उठणं तसंच राहतं, वर दिवसभर घरात बसलेल्या माणसाचा चहा वाढतो. तिनं शिलाई, शिकवणी, काहीही सुरू करायचं म्हटलं, तर त्यासाठी पैसे या कागदावर कुठे आहेत? दोघांच्या हजचे आज सहा लाखांच्या पुढे लागतात, ते कुठे आहेत?

मी स्वतः पूर्ण निवृत्तीचा नाद सध्या सोडलाय. मुलगी बारावी पार पडेपर्यंत नोकरी, तोवर साठ्याचा काही भाग मुख्य रस्त्यावरच्या एका छोट्या दुकानाच्या गाळ्यात, आणि मग अर्धवेळ काम, असा बेत आहे. गाळ्याचं नाव कुणाच्या नावावर लावायचं, यावर घरात अजून बोलणं चालू आहे. बायकोचं म्हणणं तिच्या नावावर. मला अजून त्यावर बिनतोड उत्तर सापडलेलं नाही, आणि मुलगी आईच्या बाजूनं आहे.