जी.पी.एस. जोडा, पण त्याची चूक कामगाराच्या माथी नको



गेल्या पावसाळ्यात आमच्या युनियनच्या कचेरीत एक चावीवाले आले. सह्याद्रीतल्या एका घाटात त्यांचे बीट आहे. सत्तावीस वर्षांची नोकरी, एकही डाग नाही. हातात मेमो होता. ‘अमुक तारखेस सकाळी सव्वाआठ ते पावणेनऊ आपण नेमून दिलेल्या जागी नव्हता, खुलासा करावा.’ त्यांच्या कमरेला लावलेल्या जी.पी.एस. ट्रॅकरने साहेबांच्या पडद्यावर असे दाखवले होते की, हे गृहस्थ रूळ सोडून दरीत उतरले आणि अर्धा तास तिथेच बसून राहिले.

ते म्हणाले, “भाऊ, त्या दरीत शेळीसुद्धा उतरत नाही. मी बोगद्यात होतो. फिशप्लेटचे बोल्ट आवळत होतो. मध्येच गाडी आली तेव्हा भिंतीच्या कोनाड्यात उभा होतो.”

त्यांच्याबरोबर त्यांचा मुलगा होता. त्याने विचारले, “काका, मोबाईलला बाहेरून जोडायचा जी.पी.एस. रिसीव्हर मिळतो. बाबांना तो घेऊन दिला तर? जागा बरोबर येईल आणि पुरावाही आपल्याकडे राहील.”

प्रश्न बिनतोड वाटला. आम्ही दहावीपर्यंत शिकलेले. उपग्रहाचे शास्त्र आमच्या वाट्याला आले नव्हते. पण ज्या यंत्रावरून आमच्या माणसाला मेमो मिळतो ते यंत्र समजून घेणे हे युनियनचे काम आहे. म्हणून आम्ही चौकशी केली, असा एक रिसीव्हर मागून आणला आणि चावीवाल्यांबरोबर त्यांचे बीट चालून पाहिले. त्यातून जे कळले ते रेल्वे आणि टपाल या दोन्ही खात्यांतल्या बांधवांच्या उपयोगाचे आहे.

पहिली गोष्ट. जी.पी.एस. रिसीव्हर फक्त ऐकतो, बोलत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे अमेरिकेचे उपग्रह सतत वेळ सांगत असतात. निदान चार उपग्रहांचा आवाज मिळाला की, तो किती वेळात पोहोचला यावरून रिसीव्हर आपली जागा काढतो. वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर जागेत ३०० मीटरची चूक होते, इतके हे नाजूक गणित आहे. ही जागा साहेबांना कळवण्याचे काम सिमकार्ड आणि ॲप करतात. तेव्हा चुगली जी.पी.एस.ची नव्हे, ती व्यवस्था माणसांनी बसवलेली आहे. आणि माणसांनी बसवलेली व्यवस्था वाटाघाटीने बदलता येते.

दुसरी गोष्ट. उपग्रहाचा आवाज फार क्षीण असतो. तो डोंगरातून येत नाही. बोगद्यात तो बंद पडतो आणि उंच कटिंगमध्ये कड्यावर आपटून उशिरा येतो, त्यामुळे जागा सरकते. उपग्रह दिसेनासे झाले की काही यंत्रे मोबाईलच्या टॉवरवरून अंदाज बांधतात, आणि तो अंदाज शेकडो मीटर चुकू शकतो. आमचे चावीवाले दरीत कसे उतरले ते यावरून कळावे.

मग बाहेरून रिसीव्हर जोडल्याने काय होते? वीसेक वर्षांपूर्वी बहुतेक मोबाईलमध्ये जी.पी.एस. नसेच, तेव्हा छोटी डबी किंवा कार्ड जोडावे लागे. आज तो साध्या मोबाईलमध्येही आत असतो. तरीही बाहेरच्या रिसीव्हरचा फायदा आहे. त्याचा अँटेना मोठा असतो आणि तो टोपीवर किंवा खांद्यावर, उघड्या आभाळाखाली ठेवता येतो. आम्ही चाललो तेव्हा कटिंगमध्ये नुसता मोबाईल आम्हाला कड्यावर चढवत होता; रिसीव्हर जोडल्यावर आम्ही पुन्हा रुळाजवळ आलो. बोगद्यात मात्र दोन्ही मुके झाले. कितीही चांगला रिसीव्हर आणा, जिथे आभाळ नाही तिथे जी.पी.एस. नाही.

शिवाय तो चार्जिंगच्या भोकात जोडला की मोबाईलचीच बॅटरी खातो, आणि बहुधा त्या वेळी चार्जिंगही करता येत नाही. पण सर्वांत मोठी अडचण वेगळीच आहे, ती प्रत्येकाने लक्षात ठेवावी. अँड्रॉइड मोबाईल आपल्या आतल्याच रिसीव्हरवर विश्वास ठेवतो. बाहेरच्या रिसीव्हरची जागा इतर ॲपना द्यायची तर बहुतेक वेळा सेटिंगमध्ये ‘मॉक लोकेशन’, म्हणजे बनावट जागा, चालू करावी लागते. हजेरीची अनेक ॲप हे सेटिंग दिसताच कर्मचारी लबाडी करतो आहे असे समजतात. म्हणजे खरी जागा दाखवण्यासाठी ज्याने पदरचे पैसे घातले, त्याच्यावरच खोटेपणाचा ठपका! म्हणून आम्ही त्या मुलाला सांगितले, “बाळा, हौसेने घे, फिरायला जाताना वापर. बाबांच्या ड्युटीच्या मोबाईलला जोडू नकोस.”

टपाल खात्यातल्या बांधवांनी यातून आपल्यापुरता अर्थ काढावा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिन कोड आला. त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाची बुद्धी होती. त्या पिनने पत्र पोस्टापर्यंत आणले आणि दारापर्यंत पोस्टमनने नेले. २७ मे २०२५ रोजी टपाल खात्याने ‘डिजिपिन’ जाहीर केला. त्यात देशाचे सुमारे चार मीटर लांब-रुंद चौकोन पाडले असून प्रत्येकाला दहा अक्षर-आकड्यांचा कोड दिला आहे. कल्पना चांगली आहे. रस्त्याला नाव नसलेल्या वस्तीत तिचा उपयोग होईल. पण मोबाईलमधल्या जी.पी.एस.ची चूक उघड्या आभाळाखालीसुद्धा पाचेक मीटरची धरतात. म्हणजे चौकोन लहान आणि चूक मोठी. चाळीतल्या गल्लीत तर आभाळच पट्टीएवढे दिसते. त्यातून डिजिपिनमध्ये उंची नाही. तळमजल्याची खोली आणि तिच्या डोक्यावरची चौथ्या मजल्याची खोली यांचा कोड एकच. चौथ्या मजल्यावरच्या आजींना मनीऑर्डर द्यायला जिने चढतो तो पोस्टमन, उपग्रह नव्हे. उद्या ‘आपण त्या चौकोनात नव्हता’ म्हणून कुणा पोस्टमनकडे किंवा ग्रामीण डाक सेवकाकडे खुलासा मागितला गेला, तर हे सारे त्याला सांगता आले पाहिजे.

रेल्वेतही हेच मोजमाप आहे. दुहेरी मार्गावर दोन रुळांच्या मध्यांमधले अंतर जुन्या मार्गांवर काही ठिकाणी सव्वाचार मीटरच्या आसपास आहे, नव्या कामांत ते ५.३ मीटर ठेवतात. पाच मीटर चुकणारे यंत्र माणूस अप लाईनवर आहे की डाऊन लाईनवर हे छातीठोक सांगू शकत नाही. कामगाराच्या दृष्टीने तर तोच फरक जगण्या-मरण्याचा आहे.

याचा अर्थ आम्ही यंत्राच्या विरोधात आहोत असा कुणी काढू नये. उत्तरेच्या धुक्यात आमचे लोको पायलट बंधू जी.पी.एस.वर चालणारे फॉग सेफ्टी यंत्र इंजिनात घेऊन बसतात. पुढचा सिग्नल, फाटक येण्याआधी सुमारे ५०० मीटरवर ते आवाज देते. २०२३-२४ च्या हिवाळ्यासाठी रेल्वेने अशी १९,७४२ यंत्रे दिली. ते यंत्र कामगाराशी बोलते, म्हणून कामगाराला ते आपले वाटते. ट्रॅकरनेही प्रामाणिक माणसाचे भले होऊ शकते. पहाटे रूळ तुटलेला सापडला आणि ‘चावीवाला आलाच नव्हता’ असे कुणी म्हटले, तर नोंद त्याच्या बाजूने उभी राहील. आणि बीट न चालता सही ठोकणारे आपल्यात कधी नव्हतेच, असेही आम्ही म्हणणार नाही. अशांची पाठराखण युनियनने करू नये.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, माणसाच्या कमरेचे यंत्र आधी त्या माणसाच्या उपयोगी पडले पाहिजे. इंजिनांवर इस्रोच्या मदतीने बसवलेल्या आर.टी.आय.एस. यंत्रणेमुळे गाडीची जागा कंट्रोलला कळते. ट्रॅकरमुळे चावीवाल्याची जागा साहेबांना कळते. मग गाडी आणि माणूस, या दोघांनाच एकमेकांची खबर का नसावी? आर.टी.आय.एस. स्टेशनांच्या मधल्या भागात दर ३० सेकंदांनी जागा कळवते. तेवढ्यात १३० किलोमीटर वेगाची गाडी एक किलोमीटरहून जास्त पुढे गेलेली असते. तेव्हा याच्या भरवशावर रुळावर उभे राहा असे आम्ही म्हणत नाही. गाडी येत असल्याचा इशारा देणारे, रेडिओवर चालणारे ‘रक्षक’ यंत्र रेल्वेकडे आहे. पाळत ठेवणारे यंत्र ज्या झपाट्याने आले, त्याच झपाट्याने जीव वाचवणारे यंत्र प्रत्येक बीटवर का येऊ नये?

म्हणून आमच्या मागण्या अशा:

१. ट्रॅकर, मोबाईल, रिसीव्हर, सिमकार्ड आणि चार्जिंग यांचा खर्च प्रशासनाने करावा. कामगाराच्या खाजगी मोबाईलवर ॲप घालण्याची सक्ती नको.

२. घाट, बोगदे, कटिंग, दाट वस्ती अशा जागा कामगार प्रतिनिधींसह चालून तपासाव्यात आणि तिथली नोंद ‘अविश्वसनीय’ धरावी.

३. नकाशावरच्या एका बिंदूवरून मेमो देऊ नये. रिसीव्हर जागेबरोबर वेळ, किती उपग्रह दिसले आणि अचूकता किती, हेही सांगतो. खुलासा मागताना ही पूर्ण नोंद कामगाराला द्यावी. रेल्वेत १९६८ चे आणि टपाल खात्यात १९६५ चे शिस्त व अपील नियम आहेत; आरोपाचा आधार असलेले कागद पाहण्याचा हक्क त्यात आहेच. ग्रामीण डाक सेवकांनाही तीच वागणूक मिळावी.

४. ड्युटी संपली की पाळत संपली. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले आहे.

५. ज्या बीटवर ट्रॅकर, त्या बीटवर गाडीचा इशारा देणारे यंत्रही.

त्या चावीवाल्यांचे पुढे काय झाले ते सांगतो. आम्ही खुलाशात पूर्ण नोंद मागितली. बऱ्याच खेपा घातल्यावर ती दाखवण्यात आली. सव्वाआठ ते पावणेनऊ या वेळात दिसलेल्या उपग्रहांची संख्या होती शून्य. “ठीक आहे, जा,” असे तोंडी सांगितले गेले. मेमो मागे घेतल्याचा कागद अजून हातात पडलेला नाही. तो मिळेपर्यंत आम्ही खेपा घालणार आहोत.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बीटवर गेले. हातोडा, पाना, झेंड्या, फटाके आणि कमरेला ट्रॅकर. बोगद्याच्या तोंडाशी ते आता एक काम जास्तीचे करतात. आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ खिशातल्या डायरीत लिहितात. जिथे उपग्रह पोहोचत नाही अशा जागी काम करणाऱ्या प्रत्येकाने हे करावे, अशी आमची विनंती आहे. मेमो आला तर एकट्याने खुलासा लिहू नये. आधी युनियनच्या कचेरीत यावे.

कामगार एकजुटीचा विजय असो!