पिकअपचा उष्णतादर्शक सेन्सर मालकास ठाऊक हवा

पिकअप ही आता शेतीच्या अवजारांतच जमा झाली आहे. नारायणगावचा टोमॅटो असो वा लासलगावकडे निघालेला कांदा, माल शेतातून बाजारापर्यंत पुष्कळदा तिच्याच पाठीवरून जातो. परंतु बैलाने पाऊल जड टाकताच त्याचे दुखणे ओळखणारा शेतकरी इंजिन तापल्याचे मात्र वाफ निघाल्यावरच ओळखतो. हे मला उचित वाटत नाही. हेड गॅस्केट गेले की दुरुस्तीचा खर्च पडतो तो वेगळाच; गाडीतला टोमॅटो वाटेवर नासतो त्याची भरपाई कोणी देत नाही.

इंजिनाची उष्णता सांगणारा सेन्सर बोटाच्या पेराएवढा असतो. रेडिएटरच्या वरच्या जाड रबरी नळीचा माग घेत, अर्थात इंजिन थंड असताना, इंजिनापर्यंत जावे. बहुतेक गाड्यांत तेथेच, थर्मोस्टॅटच्या कवचावर किंवा सिलिंडर हेडवर, वायर जोडलेला हा लहानसा तुकडा आढळतो. काही जुन्या गाड्यांत असे दोन असतात : एक काट्यासाठी, दुसरा इंजिनाच्या संगणकासाठी. तेव्हा काटा ठीक चालतो म्हणून दुसराही ठीक असेल असे धरून चालू नये.

उष्णता वाढेल तसतसा याचा विद्युत्‌रोध घटतो. पुष्कळ सेन्सरांत २० अंश सेल्सियसला सुमारे अडीच हजार ओहम असलेला रोध ८० अंशांस तीनशेच्या आसपास येतो. वायर तुटली तर संगणकास इंजिन अतिशय थंड असल्याचा भास होतो. मिस्त्रीने मीटर लावून रोध व वायर पाहिल्याखेरीज नवा सेन्सर विकत घेऊ नये.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावयास हवी. सेन्सर पाण्याची उष्णता मोजतो, लोखंडाची नव्हे. गळतीने पाणी उतरले की तो उघडा पडतो आणि इंजिन भाजून निघत असतानाही काटा खाली येऊ शकतो. कसारा घाट चढताना वर गेलेला काटा एकाएकी उतरला, तर समाधान न मानता गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावे.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकण्याचा सल्ला काही मिस्त्री देतात. त्यास माझा स्पष्ट विरोध आहे. त्याने चोंदलेला रेडिएटर मोकळा होत नाही की ढिला पट्टा ताणला जात नाही. उलट हलक्या भारावर इंजिन थंड राहून डिझेल अधिक जळते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील बैठकीत एखाद्या थंड गाडीचे बॉनेट उघडून प्रत्येक मालकाकडून हा सेन्सर हाताने शोधून घ्यावा. त्याच वेळी रेडिएटरचे झाकणही दाखवावे. तापलेल्या इंजिनात पाणी दाबाखाली असते. झाकण सैल होताच ते उकळून अंगावर येते. वरची नळी हातास सोसवेल इतकी निवल्यावाचून झाकणास हात लावू नये.