जमीन हलली की पापी कोण, हेच आपण शोधतो

जगात कुठेही मोठा भूकंप झाला की दोन दिवसांत आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक ठरलेला मजकूर फिरू लागतो. तिथे बेपर्दगी वाढली होती, व्याजाचा धंदा होता, नाचगाणं होतं, म्हणून अल्लाहचा अजाब आला. खाली सूरह जिलजालची तिलावत जोडलेली असते. डिसेंबर २००४ मध्ये सुमात्राजवळचा समुद्रतळ हलला आणि आचे प्रांत वाहून गेला, तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं, पण तकरीरी होत्याच. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तान-सीरियात पन्नास हजारांहून जास्त माणसं गेली तेव्हाही हेच. आणि हे वाचून झालं की आपल्याकडे पुढचं वाक्य येतं, "बरं आहे, आपल्याकडे भूकंप होत नाहीत."

या दोन्ही वाक्यांवर मला बोलायचं आहे, कारण ती एकाच घरात राहतात. भूकंप पाप्यांवर येतो आणि आपण पापी नाही, म्हणजे तो आपल्यावर येणार नाही. मग घर कसं बांधलं आहे हा प्रश्नच उरत नाही.

आधी "आपल्याकडे" म्हणजे कुठे ते पाहू. भोरहून रायरेश्वराकडे निघालं की आंबवडे लागतं. नागेश्वराचं जुनं मंदिर, पंतसचिवांच्या काळातला झुलता पूल, आजूबाजूला सह्याद्रीच्या सोंडा. इथून कोयनानगर सरळ रेषेत सत्तर-ऐंशी किलोमीटर. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे सव्वाचारच्या सुमारास तिथे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. पावणेदोनशेहून जास्त माणसं मेली, दोन हजारांच्या वर जखमी झाली, कोयनानगरची घरं पत्त्यांसारखी बसली, धरणाच्या भिंतीला तडे गेले आणि मुंबईची वीज गेली. धक्का मुंबई-पुण्यात जाणवला. भोर तर त्याहून जवळ.

तारीख हिजरी कॅलेंडरवर ताडून पाहा. १३८७ चा रमजान सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. सव्वाचार म्हणजे सहरीची वेळ. ज्या घरांत चूल पेटली होती, नियत बांधायची होती, त्या घरांचीही जमीन हलली. दुसरा दाखला किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला काही मिनिटं कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. माणसं विसर्जनाहून दमून येऊन झोपली होती. लातूर-उस्मानाबादच्या गावांत आठ हजारांच्या आसपास माणसं दगडमातीखाली गेली. एकीकडे रोजे, दुसरीकडे गणपतीचा निरोप. या दोन पहाटांमध्ये पापी शोधायचा तर कुणाला शोधणार? ढिगाऱ्यातून लेकरू बाहेर काढणाऱ्या बापासमोर उभं राहून हा मजकूर वाचून दाखवायची कुणाची हिंमत आहे?

आपल्या दीनमध्ये याचं उत्तर फार आधी दिलेलं आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, इब्राहीमच्या जाण्याने सूर्य काळवंडला. स्वतःच्या दुःखाला आकाशाची साक्ष मिळत होती. गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी स्पष्ट सांगितलं की सूर्य-चंद्राला कुणाच्या मरणाने किंवा जन्माने ग्रहण लागत नाही, ती अल्लाहची निशाणी आहे. मग नमाज पढवली, सदका द्यायला सांगितलं. निसर्गाची घटना पाहून अल्लाहची आठवण यावी, हात दुआसाठी उठावेत, हे बरोबर. ती घटना घेऊन दुसऱ्याच्या गावाचा न्याय करायला बसावं, हे वेगळं. हजरत उमर (रजि.) यांच्या काळात मदिनेत भूकंप झाला तेव्हा त्यांनी लोकांना खडसावलं होतं, असा दाखला काही जण देतात. तो रिवायतीत आहे. पण त्यांनी आपल्याच शहराला, आपल्याच लोकांना खडसावलं. परक्यांच्या प्रेतांवर बोट ठेवलं नाही.

त्याच उमर (रजि.) यांचा दुसरा प्रसंग मला इथे जास्त कामाचा वाटतो. शामकडे जाताना सरग या ठिकाणी त्यांना कळलं की पुढे प्लेग पसरला आहे. त्यांनी परत फिरायचं ठरवलं. अबू उबैदा (रजि.) यांनी विचारलं, अल्लाहच्या तकदीरपासून पळता? उमर यांचं उत्तर असं की आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जातो आहोत. तकदीरचं नाव सांगून हात बांधून बसायची सवय आपल्याला कुठून लागली कोण जाणे. तिथून तरी नाही.

आणि अभ्यासाची परंपराही आपलीच होती. पंधराव्या शतकात कैरोमध्ये इमाम जलालुद्दीन सुयूती यांनी भूकंपांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. तिच्यात सालवार नोंदी आहेत. कुठे, कधी, किती पडझड. सुयूती स्वतः भूकंपाकडे अल्लाहचा इशारा म्हणूनच पाहत, पण म्हणून त्यांनी नोंद ठेवायचं सोडलं नाही. मध्यपूर्वेतल्या जुन्या भूकंपांचा अभ्यास करणारे आजचे शास्त्रज्ञ त्या नोंदी चाळतात. आपण त्यांची फक्त तंबी उचलली आणि वही ठेवून दिली.

आता शास्त्र काय म्हणतं ते थोडक्यात. सर्वांत मोठे भूकंप जिथे एक भूपट्ट दुसऱ्याच्या खाली सरकतो तिथे होतात. सुमात्रा तसं आहे. आपल्या बाजूला अरबी समुद्रात, बलुचिस्तान-इराणच्या किनाऱ्यालगत मकरानचा पट्टा तसा आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे तिथे आठच्या वर तीव्रतेचा भूकंप झाला आणि काही तासांनी लाट मुंबईला पोहोचली. वर्सोव्याला आणि आपल्या हाजी अलीच्या किनाऱ्यावर माणसं वाहून गेली. तो पट्टा पूर्व भागात तुटला. पश्चिम भाग दीर्घकाळ शांत आहे आणि तो कधी हलेल हे कुणी सांगू शकत नाही. हैदराबादचं त्सुनामी इशारा केंद्र सुमात्राबरोबर मकरानवरही डोळा ठेवून असतं, ते उगाच नाही. रत्नागिरी-रायगडच्या आपल्या कोकणी मुस्लिम गावांनी, ज्यांची मशीद आणि बंदर शेजारी-शेजारी आहे, हे नाव लक्षात ठेवायला हवं.

आंबवड्याला ती लाट येणार नाही. इथला धोका वेगळा आहे. आपण भूपट्टाच्या कडेला नाही, मध्ये आहोत. काळ्या कातळाच्या थराखाली जुना ग्रॅनाइट आहे, त्यात जुन्या भेगा आहेत, आणि भारताचा भूपट्ट उत्तरेला रेटला जात असल्याने त्या भेगांवर ताण आहे. कोयनेत धरणाचं पाणी भेगांत झिरपलं, आतला दाब वाढला आणि आधीच ताणलेली भेग सरकली. पाण्याने ताण निर्माण केला नाही, फक्त कळ दाबली. १९८० च्या दशकात वारणा धरण भरल्यावर धक्क्यांचा पट्टा दक्षिणेकडे पसरला. आजही तिथे लहान धक्के चालू आहेत. म्हणून तर सरकारने कराडजवळ संशोधन केंद्र काढलं आणि गोठण्याला तीन किलोमीटर खोल विंधन केलं. प्रत्येक धरणाखाली असं होतं असं नाही. भाटघर, नीरा-देवघर म्हटलं की घाबरायचं कारण नाही. पण किल्लारीची गोष्ट उलट बाजूने सांगते. १९९३ पर्यंत ते गाव नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होतं. पुणे जिल्हा तर तिसऱ्या विभागात आहे, आणि कोयना चौथ्या.

किल्लारीत माणसं भूकंपाने मेली नाहीत, भिंतींनी मेली. दोन-तीन फूट जाड दगडी भिंत, दर्शनी दगड बाहेर आणि आत, मध्ये माती आणि खडी. दोन्ही बाजूंना शिवणारा आरपार लांब दगड नाही. वर मातीचं जड माळवद. हलल्याबरोबर भिंत मधोमध फुगून फाटली आणि माळवद खाली आलं. आपल्या भोर-वेल्ह्याच्या जुन्या घरांच्या भिंतीकडे जरा पाहा. आता नवी पद्धत निघाली आहे. जुनी दगडमातीची भिंत तशीच ठेवायची आणि वर स्लॅब टाकायचा. कौलं गेली, पाऊस गळायचा थांबला, घर पक्कं झालं असं वाटतं. प्रत्यक्षात मातीने जोडलेल्या दगडांच्या डोक्यावर आणखी वजन चढवलं. घरापुरतं सांगायचं तर दारं-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यात सळया, कॉलममध्ये जवळजवळ रिंगा आणि रिंगांची टोकं आत वळवलेली. यातलं काहीच महाग नाही. गवंड्याला सांगावं लागतं आणि उभं राहून पाहावं लागतं, इतकंच. हिंदूच्या घरी आणि मुसलमानाच्या घरी गवंडी तोच येतो, चुकाही त्याच करतो.

मग मशिदी. आपली जमात वर्गणी काढते तेव्हा संगमरवर, झुंबर, मिनार यांची चर्चा होते. अभियंत्याच्या फीची चर्चा मी फार कमी ऐकली आहे. जुन्या छपरावर मजला, मजल्यावर मिनार, खाली वजूखान्यासाठी भिंती काढलेल्या. मदरशात वर मुलं झोपतात. याचं एक कारण आपण चारचौघांत बोलत नाही. मशिदीच्या दुरुस्तीची परवानगी मागायला गेलं की अर्ज लोंबकळतो, कुणीतरी हरकत घेतं, वाद होतो. म्हणून काम गुपचूप, घाईत, नकाशाशिवाय उरकलं जातं. परवानगीची अडवणूक करणाऱ्यांनी समजून घ्यावं की त्यातून मशीद थांबत नाही, कच्ची होते. आणि आपणही समजून घ्यावं की परवानगी नाकारली म्हणून गुरुत्वाकर्षण सवलत देत नाही.

२००४ नंतर आचेतल्या उभ्या राहिलेल्या मशिदींचे फोटो खूप फिरले. मला ते पाहून आनंदच होतो. पण तिथल्या कितीतरी मशिदी वाहूनही गेल्या, त्यांचे फोटो कुणी पाठवत नाही. ज्या उरल्या, त्यांच्या मजबूत खांबांमधून लाटेला आरपार वाट मिळाली, असं अभियंते सांगतात. हाच मोकळा तळमजला आपल्याकडे उलटा पडेल. जमीन आडवी हलते तेव्हा नुसत्या खांबांवरची जड इमारत आधी तिथेच मोडते. फोटो पाहून शिकण्यातला हा धोका.

वरंध घाट उतरून महाडला जा. २४ ऑगस्ट २०२० रोजी तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली, १६ जीव गेले. इमारत दहा वर्षांचीही नव्हती. त्या दिवशी भूकंप नव्हता.

सुमात्राच्या किनाऱ्याजवळ सिमुलुए नावाचं बेट आहे, वस्ती मुसलमानांची. १९०७ च्या लाटेत तिथे खूप माणसं मेली. वाचलेल्यांनी त्या आठवणीला 'स्मोंग' म्हटलं आणि ती पाळण्यातल्या मुलांना ऐकवत ठेवली. जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे गेला की डोंगराकडे पळा. २००४ मध्ये केंद्राच्या अगदी जवळ असूनही सत्तर हजारांहून जास्त वस्तीच्या त्या बेटावर सातच्या आसपास माणसं गेली. जवळच्या आचेत दीड लाखाहून जास्त.

आपल्याकडे १९६७ पाहिलेली माणसं आता पंच्याहत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. त्या सहरीला कोणत्या घराची कोणती भिंत पडली, कोण कुठे झोपला होता म्हणून वाचला, हे त्यांना विचारून लिहून घ्यायला एक दुपार पुरते. जुम्याच्या खुतब्याआधी पाच मिनिटं त्यातलं वाचता येईल. आणि ज्या विधवेच्या घराची भिंत फुगली आहे, ती जकातीची हकदार असेल तर रक्कम तिच्या हातात देऊन ती भिंत सावरता येते; आपापल्या आलिमांना विचारून घ्यावं. येत्या रमजानच्या आधी मशीद कमिटीची बैठक होईलच, रंगकामाचा विषय निघेल. त्याच बैठकीत एक अभियंता बोलावून छपरावर चढवायचा ठराव ठेवा. रंगापेक्षा ते बहुधा स्वस्त पडेल.