ग्रामसभेच्या कोषाला पात्र ठरवा

प्रति,
केंद्रीय कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालय,
नवी दिल्ली

विषय : कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी (सीएसआर) थेट ग्रामसभांना मिळण्याबाबत

महोदय,

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मोहगाव आहे. २०१९ साली तिथल्या ग्रामसभेने ठराव करून मुलांसाठी गोंडी माध्यमाची शाळा काढली. ‘पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल’ हे तिचे नाव. सरकारी अनुदान नव्हते. भार उचलला ग्रामसभेने आणि पालकांनी. पुढे मान्यता नसल्याने शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवली आणि वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. त्याचा निवाडा हे न्यायालयाचे काम. या पत्राचा विषय वेगळा आहे. तेंदूपत्ता, मोहफूल आणि भातशेती यांवर जगणारी माणसे आपल्या भाषेसाठी गाठीचा पैसा काढतात. त्यात कुणाला आपला हातभार लावायचा असेल, तर तो कोणत्या वाटेने पोचावा?

२०११च्या जनगणनेत सुमारे तीस लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा नोंदवली. मध्य प्रदेश, छत्तीसगड, महाराष्ट्र, तेलंगणा, ओडिशा अशी ती विखुरलेली आहे. प्रत्येक राज्यात शाळेची भाषा वेगळी, आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गोंडीला जागा नाही. त्यामुळे ती जपण्याचे काम आजवर गावांनीच केले. रेला नाचाची गाणी, पेनांचे म्हणजे देवतांचे उत्सव, गोटूल हे तरुणांचे सामूहिक केंद्र, पेरणीआधीचे विधी हे सगळे वर्गणीवर आणि श्रमदानावर चालते. कोणी तांदूळ देतो, कोणी लाकूड आणतो, कोणी मांडव घालतो. या देण्याला पावती नसते, पण त्याचा हिशेब अख्ख्या गावाला पाठ असतो.

त्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखाचे नाव मंत्रालयाला नवे नसेल. २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११पासून गाव आपला बांबू स्वतः विकू लागले. पण सामूहिक कामाची सवय त्याआधीची. गोंड तरुणांचे गोटूल पुन्हा उभारायचे गावाने ठरवले, त्यासाठी जंगलातले लाकूड वापरले म्हणून वन विभागाने ते पाडले. तेव्हा आसपासची गावे मेंढ्याच्या पाठीशी उभी राहिली आणि गोटूल पुन्हा उभे राहिले. गावकरी मिळकतीतला वाटा गावाच्या कोषात टाकतात आणि निर्णय सर्वसहमतीने होतात. संस्कृती जपायला लागणारा पैसा आणि तो खर्च करण्याची शिस्त, दोन्ही या गावाने स्वतःच उभी केली.

कायद्यानेही हे मानले आहे. अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांसाठीच्या १९९६च्या पेसा कायद्याचे कलम ४(घ) सांगते की आपल्या परंपरा, रूढी आणि सांस्कृतिक ओळख जपण्यास ग्रामसभा सक्षम आहे. महाराष्ट्राच्या २०१४च्या पेसा नियमांनी ग्रामसभा कोषाची तरतूद केली. २०१५पासून राज्य सरकार आदिवासी उपयोजनेच्या पाच टक्के इतका अबंध निधी पेसा क्षेत्रासाठी देते. सरकारी तिजोरीतला पैसा ज्या व्यवस्थेवर विश्वासून सोडला जातो, तिथे कंपनीचा पैसा का अडावा?

तो अडतो आपल्या नियमांमुळे. कंपनी कायदा, २०१३च्या कलम १३५प्रमाणे पात्र कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कला, संस्कृती आणि पारंपरिक हस्तकलांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे गोंडी शाळेची पुस्तके किंवा रेलाच्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण यांना विषय म्हणून अडचण नाही. अडचण आहे ती पैसे कोणाच्या हाती द्यायचे याची. सीएसआर नियमांच्या २०२१च्या दुरुस्तीनंतर अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेला ‘सीएसआर-१’ अर्ज भरून नोंदणी करावी लागते, आणि कंपनीबाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडे १२ए व ८०जी नोंदणी आणि तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो. ग्रामसभा न्यास नाही, सोसायटी नाही, कंपनी नाही. म्हणून निधी जातो शहरातल्या संस्थेकडे. ती प्रकल्प आखते, माणसे नेमते, अहवाल इंग्रजीत लिहिते आणि गाव लाभार्थ्यांच्या यादीत बसते. चांगल्या संस्था आहेत, त्यांचे काम मोलाचे आहे. पण संस्कृतीच्या कामात गावाने दुसऱ्याच्या यादीत बसणे म्हणजे निर्णयाचा हक्क गमावणे आहे.

याच नियमांत एक दार किलकिले आहे. संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेला नियम ४ पात्र मानतो. नियम ७ तर निधीतून उभ्या राहिलेल्या मालमत्तेची मालकी लाभार्थींच्या समूहाकडे सोपवू देतो. इमारत सांभाळायला समूह विश्वासाचा असेल, तर ती बांधायचा पैसा सांभाळायलाही तो विश्वासाचा आहे.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत.

पहिली, पेसा क्षेत्रातील ग्रामसभा आणि वनहक्क कायद्याखालील सामूहिक वनहक्कधारक ग्रामसभा नियम ४खाली पात्र आहेत, असे मंत्रालयाने परिपत्रक काढून स्पष्ट करावे. बँक खाते, पॅन आणि तीन वर्षांचे तपासलेले हिशेब ही अट रास्त आहे. ती पुरी करू शकणाऱ्या ग्रामसभा आज आहेत. ज्यांची तयारी कमी आहे, त्यांना हिशेब शिकवण्यासाठीही हाच निधी वापरू द्यावा.

दुसरी, चालू प्रकल्पाची मुदत वाढवावी. सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षे, ही आजची मर्यादा आहे. तेवढ्यात बंधारा होतो. पण पहिलीत बसलेले मूल गोंडी वाचू लागते, शिक्षक तयार होतो, पाठ्यपुस्तक दुसऱ्यांदा सुधारले जाते, याला एक पिढी लागते. भाषा आणि संस्कृतीच्या कामांसाठी किमान दहा वर्षांची सोय हवी.

तिसरी मागणी सर्वांत महत्त्वाची. ज्या कंपनीला त्या गावाच्या जमिनीसाठी, जंगलासाठी किंवा खाणीसाठी ग्रामसभेची संमती लागणार आहे, त्या कंपनीचा निधी त्या ग्रामसभेच्या कोषात येऊ नये. गडचिरोलीत लोहखनिज निघते, त्यामुळे ही भीती कल्पनेतली नाही. ढोलासाठी दिलेला पैसा डोंगरासाठी मत मागू लागला, तर गावाने पैसा न घेतलेलाच बरा.

हिशेबाची चिंता मंत्रालयाला वाटणे योग्यच आहे. ग्रामसभेत भांडणे होतात, काही ठिकाणी चार माणसे कारभार बळकावतात, बायकांचा आवाज अजून सगळीकडे पोचत नाही. पण यावरचा उपाय म्हणजे खुल्या सभेत आणि गावाच्या भाषेत हिशेब वाचणे. तो वाचल्याचा ठराव कंपनीच्या वार्षिक अहवालाला जोडण्याची सक्ती करा. शहरातल्या किती संस्था आपला जमाखर्च लाभार्थ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवतात?

दान देणाऱ्यांनी गावाला काय हवे ते आधी ठरवू नये, एवढेच या पत्राचे म्हणणे आहे. मोहगाव आणि मेंढा यांनी कोणी येण्याची वाट न पाहता स्वतःचे दिले आणि स्वतः ठरवले. बाहेरच्या मदतीने त्या ठरवण्याला बळ द्यावे, त्याची जागा घेऊ नये. यासाठी संसदेत नवे विधेयक आणायची गरज नाही. नियमांचा अर्थ स्पष्ट करणारे एक परिपत्रक आणि नियमांतले मोजके बदल पुरेसे आहेत. ते या आर्थिक वर्षात करावेत, अशी कळकळीची विनंती.

आपला,
ग्रामसभांसोबत काम करणारा एक कार्यकर्ता
नागपूर