त्याला खेळू द्या की!

"अगं, कशाला उठवतेस त्याला? पडेल बिचारा!" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. माझ्या सहा वर्षांच्या लेकाला डाऊन सिंड्रोम आहे. हळदीकुंकवाला गेलं की कुणीतरी प्रेमानंच त्याला खुर्चीत बसवतं, हातात बिस्किटांचा पुडा देतं. बालवाडीतही तेच. बाकीची पोरं अंगणात आणि हा बाईंच्या टेबलाजवळ.

मैत्रिणींनो, या बसवून ठेवण्यानं मुलाचं नुकसानच होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. ही मुलं एकविसाव्या गुणसूत्राची एक जादा प्रत घेऊन जन्मतात. त्यांचे स्नायू सैल, सांधेही ढिले. त्यामुळे चालायला उशीर होतो, चाल डुलती राहते. तोल सवयीनं येतो, आणि ती सवय खुर्चीत बसून कशी लागणार?

पण 'व्यायाम कर' म्हटलं की आमचे चिरंजीव फतकल मारून बसतात. हट्टी तर इतका! म्हणून आम्ही खेळतो. लाडका खेळ 'डोंगर का पाणी'. पायरी म्हणजे डोंगर, अंगण म्हणजे पाणी. चढ-उतार करताना क्षणभर सगळा भार एका पायावर येतो, खरा व्यायाम तोच. पायरी बुटकी हवी आणि आपण हाताशी. कधी खडूच्या रेघेवरून आगगाडी चालते. कधी घडी घातलेल्या गोधडीवर उभं राहून चेंडू झेलायचा. पायाखाली मऊ असलं की घोट्यांना सारखं सावरावं लागतं. रोज दहा-पंधरा मिनिटं, पण रोज.

एक मात्र सांगते. यातल्या जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो, काहींच्या मानेचे वरचे मणके सैल असतात. तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवा. कोलांटउड्या, मानेला हिसका बसेल असे खेळ नकोतच. मान दुखू लागली किंवा चाल अचानक बिघडली, तर थांबू नका. २०१३मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोमचाही समावेश आहे. जिल्हा रुग्णालयात 'डीईआयसी' कुठे, म्हणून विचारा. तिथं पैसे पडत नाहीत.

परवा शेजारच्या पोरांनी त्याला खेळायला घेतलं. दोनदा पडला, गुडघा खरचटला. मी धावणार, तोच स्वतःच उठून पायरीवर चढला आणि माझ्याकडे बोट दाखवून ओरडला, "आई पाण्यात!"